मदत हवी आहे : प्रोसेसर बदलतोय, कूलर कुठला घेऊ?

मंडळी, बेळगावात शहापूरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कॉम्प्युटर २०२० चा: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड. एक्सपोर्ट लावलं की तापमान ९० च्या वर, आणि फॅनचा आवाज हेडफोनमधूनही ऐकू येतो. खाली पिठाची गिरणी आहे. परवा कूलर काढला तर पट्ट्यांत ज्वारीच्या पिठाचा थर, भाकरी थापता येईल एवढा! त्यात थंड मशीनवर सरळ ओढला, तर मधल्या थर्मल पेस्टला (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपसून आला. दोन पिना वाकल्या, ब्लेडने हळूहळू सरळ केल्या.

आता रायझन ७ ५७००एक्स टाकायचाय. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की बोर्ड तोच चालतो. प्रोसेसर ६५ वॉटचा, पण बॉक्समध्ये कूलर येत नाही. खडेबाजारातला दुकानदार म्हणतोय लिक्विडच घ्या, म्हणजे पंपाने द्रव फिरवून थंड करणारा. मला टॉवर एअर कूलर (उभ्या पट्ट्या आणि फॅनवाला) बरा वाटतो, पंप बिघडायची भानगड नाही. पण कॅबिनेटमध्ये कूलरच्या उंचीला जागा १५५ मिमीच. त्यात बसणारा कुणी वापरलाय का? आणि पुढच्या जाळीला फिल्टर लावला तर हवा कोंडेल का? तुळशीच्या लग्नाआधी सगळं बसवायचंय बघा, नंतर श्वास घ्यायला सवड नसते.