अनुभव धागा: प्रवेश परीक्षेतले तर्काचे प्रश्न तुम्ही कसे सोडवता?

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतली मुलं नवोदय, क्लॅट (कायद्याच्या पदवीची प्रवेश परीक्षा), एमबीए सीईटीला बसतात. गणित-विज्ञानाला गावोगावी शिकवण्या आहेत. तर्काच्या प्रश्नांना मात्र ‘सराव कर’ एवढंच सांगितलं जातं. सराव म्हणजे नेमकं काय करायचं, हे ज्यांनी केलंय त्यांनी लिहावं. एखादा प्रश्न घेऊन लिहिलंत तर फारच बरं. सुरुवात मी करतो.

अमळनेर, शिक्षक

मी बारावीच्या मुलांना क्लॅटसाठी शिकवतो. ऑक्सफर्डच्या प्रवेशासाठी टीएसए नावाची परीक्षा घेतली जायची, ९० मिनिटांत ५० प्रश्न. निम्मे युक्तिवाद तपासण्याचे, निम्मे आकडे आणि माहिती वापरून वाट काढण्याचे. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका पाहून मी आपल्याकडचे प्रश्न तयार करतो. त्यातला हा एक:

‘ठिबकवर केळीला पाटपाण्यापेक्षा कमी पाणी लागतं. म्हणून तालुक्यातल्या सगळ्या केळी उत्पादकांनी ठिबक बसवलं, तर विहिरींची पातळी खाली जाणं थांबेल.’ यात न सांगता काय गृहीत धरलंय?

अ) ठिबकला अनुदान मिळतं. ब) ठिबकवर घड वजनदार येतो. क) वाचलेल्या पाण्यावर शेतकरी जादा क्षेत्र भिजवणार नाहीत. ड) केळी हे तालुक्यातलं मुख्य पीक आहे.

केळीच्या घरातली मुलं हमखास ‘ब’वर जातात, कारण त्यांना ते घरात ऐकून माहीत असतं. खरं आहे की नाही हा प्रश्नच नाही, या युक्तिवादाला त्याची गरज आहे का ते बघायचं. त्यासाठी पर्याय उलटा करायचा. घड वजनदार येत नाही असं धरा, पाण्याच्या हिशेबाला धक्का लागत नाही. आता ‘क’ उलटा करा: वाचलेलं पाणी शेजारच्या चार एकरांत गेलं. मग विहीर पुन्हा तिथेच. युक्तिवाद कोसळला, म्हणजे तेच गृहीतक.

‘ड’वर वर्गात खरा वाद होतो आणि तो मी मुद्दाम लांबू देतो. केळी मुख्य पीक नसलं तरी होणारी बचत पुरेशी असू शकते, म्हणून ‘ड’ अत्यावश्यक ठरत नाही. हे मुलांनी भांडून शोधलं तर पक्कं बसतं, मी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी विसरतात. एक मुलगा मागून म्हणाला, ‘सर, हाई तं लिखेलच नही शे!’ लिहिलेलं नाही, हे ओळखणं हाच तर अभ्यास आहे.

रावेर तालुका, पालक (आई)

माझी मुलगी नवोदयची सहावीची परीक्षा देतेय. आमच्या जिल्ह्याचं विद्यालय भुसावळजवळ साकेगावला आहे. दोन तासांत ८० प्रश्न, त्यातले ४० मानसिक क्षमतेचे, ५० गुणांना. म्हणजे निम्मे गुण आकृत्यांचे! पेपर मराठीत देता येतो, पण आकृत्यांना भाषा लागतच नाही, त्यामुळे ज्यांच्या घरात कुणी फार शिकलेलं नाही त्या मुलांनाही इथे पुढे जाता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आम्ही पुस्तकाआधी कागद घेतला. वर्तमानपत्राचा चौकोन, दोनदा घडी, एक भोक. उलगडण्याआधी तिने वहीत भोकं कुठे येतील ते काढायचं, मग उलगडून ताडायचं. आरशाच्या प्रश्नांत आधी आरशाची रेघ बघायची: बाजूला उभी असेल तर डावं-उजवं बदलतं, खाली आडवी असेल तर वर-खाली. सुरुवातीला खरा आरसा हातात होता, आता लागत नाही.

धुळे, एमबीए सीईटी दिलेला

आमचं गणित वेळेचं. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. त्यात ७५ तर्काचे आणि २५ आकृत्यांचे. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून रिकामं काही सोडायचं नाही. कोण कुठे बसलंय अशा कोड्यात ‘अमुक टोकाला बसलाय’ असं पक्कं वाक्य आधी मांडायचं, ‘शेजारी नाही’वाली वाक्यं शेवटी. पक्कं वाक्य एकही नसेल तर तो संच पुढे ढकलायचा.

आकडेवारीच्या प्रश्नात अर्धी माहिती नुसती भर घालायला दिलेली असते. उदाहरणार्थ: स्थानकातून साधी बस दर २० मिनिटांनी, जलद दर ३० मिनिटांनी सुटते. अंतर एवढं, भाडं एवढं. सकाळी ६ला दोन्ही एकत्र सुटल्या, तर ६ ते ९ या वेळेत, दोन्ही टोकं धरून, किती वेळा एकत्र सुटतील? अंतर-भाडं काट मारा. दर ६० मिनिटांनी जुळतात. घाईत ३ उत्तर येतं आणि पर्यायांत ३ असतोच. ६, ७, ८, ९: चार वेळा.

नंदुरबार, क्लॅटची तयारी करणारी

सरांचा उलटा पर्याय मी आजच वापरून पाहिला, गृहीतकाच्या प्रश्नांना चालतो. निष्कर्षाच्या प्रश्नांना मी वेगळं करते. २०२० पासून क्लॅट पूर्ण उताऱ्यांवर आहे, आणि तोही इंग्रजीत. उतारा वाचून झाला की लेखकाला काय पटवायचंय ते मी मराठीत एका वाक्यात मोठ्याने म्हणते, आणि मगच पर्याय उघडते. ते वाक्य उताऱ्याच्या शेवटी असेलच असं नाही, बरेचदा पहिल्या दोन ओळींत असतं आणि बाकीचा उतारा त्याला आधार देत असतो.

सरावाच्या वहीत बरोबर उत्तरापेक्षा बाकीचे तीन का नाहीत ते लिहिते. ‘फार पुढे गेला’, ‘उताऱ्यात नाही’, ‘खरं पण संबंध नाही’ ही तीनच कारणं पुन्हा पुन्हा येतात.

धुळ्याच्या दादांना एक सांगायचंय: आमच्याकडे चुकीला पाव गुण जातो, म्हणून मुली घाबरून प्रश्न सोडतात. पण एक पर्याय नक्की कटला असेल तर लिहावंच. उरलेल्या तिघांतून तीन प्रश्नांत एक बरोबर, दोन चूक असं धरलं तरी अर्धा गुण हातात राहतो.