तानाजीचा पोवाडा एकट्या गिटारवर बसवतोय, कापू का नको?

तारछेड्या
मंडळी, दोन महिने झाले तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा अकूस्टिक गिटारवर बसवतोय. डफ नाही, तुणतुणं नाही, मागे ओळ उचलून धरणारे झीलकरी नाहीत, फक्त मी आणि गिटार. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर अख्खा म्हणायला घेतला तर जिजाऊ आणि महाराजांचा सारीपाट संपायच्या आत निम्मी जनता मसाला दूध घ्यायला उठली, गड अजून लांबच होता. म्हणून आता ठरवलंय की आठ मिनिटांच्या वर जायचं नाही. सारीपाट, रायबाचं लगीन, किल्लेदार उदेभानाचा तो चंद्रावळी हत्ती, सगळं काढायचं आणि डायरेक्ट घोरपडीपासून सुरू करायचं. एकट्या माणसाने पोवाडा कापलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, बोला.

डफतोड
सारीपाट काढलात तर तानाजी गडावर जातो कशाला? आईने डाव जिंकून लेकाकडे कोंढाणा मागितला, तिथून सगळी चक्रं फिरलीत. आणि रायबाचं लगीनच नसेल तर "आधी लगीन कोंढाण्याचं" याला अर्थ काय राहिला? तुम्हाला नुसती फायटिंग पाहिजे. लोक दुधाला उठले तर चूक पोवाड्याची नाही, तुमच्या म्हणण्याची.

कॅपो_तिसऱ्यावर
@डफतोड जरा दमानं. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम या संग्राहकांनी 1891 मध्ये पोवाडे गोळा करून छापले म्हणून आज आपण त्याला "अख्खा" म्हणतो. त्याच्या आधी तो तोंडातोंडीच होता ना, समोर कोण बसलंय बघून शाहीर लांबवणार नाहीतर आवरणार. कापायला हरकत नाही.
माझी हरकत गिटारला आहे. तुम्ही टाकलेली क्लिप ऐकली, चार मात्रांचं स्ट्रमिंग आणि दर ओळीला कॉर्ड बदल. अहो पोवाड्याची ओळ मापात नसते, एक चार शब्दांची तर पुढची दम संपेपर्यंत चालते. तुम्ही लांब ओळ ठेक्यात बसवायला शब्द गिळताय आणि छोट्या ओळीनंतर नुसतेच खाजवत बसताय.

तारछेड्या
हे मान्य, खाजवणं बंद करतो 😅 आता सहावी, दुसरी आणि पहिली तार उतरवून डी-ए-डी-जी-ए-डी ट्यूनिंग लावलंय. अंगठ्याने खालचा डी सतत, तेच माझं तुणतुणं, आणि तळहाताची कड ब्रिजजवळ लाकडावर आपटली की डफ.

डफतोड
खर्जातला डी म्हणजे तुणतुणं? कधी जवळून ऐकलंय का? ते वरच्या पट्टीत किणकिणतं, शाहिराच्या आवाजाच्या वरून कान टोचत राहतं. तुमचं हे तंबोऱ्यासारखं घुमतंय, झोप येईल. लोक दुधाला उठणारच.

लीड्सकर
मी इकडे इंग्लंडमध्ये असतो. इथल्या फोक क्लबात वीस-पंचवीस कडव्यांचं बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं, लोक गप बसून ऐकतात, बऱ्याचदा वाद्याशिवाय. डी-ए-डी-जी-ए-डी ट्यूनिंग इकडे 60 च्या दशकात डेव्ही ग्रॅहम या गिटारवाल्याने आणलं आणि ते चाललं कारण त्यात मेजर-मायनर ठरवत बसावं लागत नाही, चाल मोकळी राहते. इथला फोक गायक मार्टिन कार्थी, त्याचं वाजवणं ऐका, गिटार गाण्याच्या चालीबरोबरच चालते, कॉर्डची गादी अंथरत नाही. मला वाटतं कापण्यापेक्षा गिटार कमी वाजवा. गोष्ट सांगताना हात थांबला तरी चालतंय.

डफतोड
इंग्लंडचं इंग्लंडला. तिकडे एकटा माणूस गोष्ट सांगतो. आपल्याकडे शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी "जी जी रं जी" करून ती उचलून धरतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो. ती झील काढली की राहिलं काय, कविता वाचन.

तारछेड्या
काल रात्री @डफतोड च्या टोमण्यावरून एक केलं. खालचा डी सोडला, पहिली तार पण डीच आहे, ती ब्रिजला खेटून नखाने छेडली. पातळ, चिडका आवाज येतो, बायको आतून म्हणाली डास आहे का. म्हणजे जमलं 😄 आणि कडव्याच्या शेवटी तिसरी आणि चौथी तार मिळून तीन सुरांचा तुकडा घेतो, तीच झील, तेवढ्यात माझाही दम भरतो.

कॅपो_तिसऱ्यावर
नवी क्लिप ऐकली. घोरपड अर्ध्यातून माघारी फिरते आणि तानाजी तिच्यावर चिडतो तिथे तुम्ही वाजवायचं थांबवून नुसतं बोललात, ते एक नंबर. शेलारमामाच्या वेळी मात्र परत स्ट्रमिंगवर गेलात.

डफतोड
तार बरी लागलीय. झील नाही पटली. झीलकरी माणूस असतो, तो शाहिराला हटकतो, चढवतो. तार काय हटकणार?

तारछेड्या
हटकायला तुम्ही आहात की 🙏 सारीपाट परत घेतला, पण गाणार नाही, सांगणार. रायबाचं लगीनही ठेवलं. एकूण चौदा मिनिटं झाली. हत्ती मात्र गेला.

डफतोड
हत्ती का?? लढाईच्या आधी चंद्रावळी पाहिजेच.

कॅपो_तिसऱ्यावर
झालं, आता हत्तीवरून चालू.