चकलीसाठी पामोलिन सोडून कोणतं तेल?

चकलीवाली: घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. दिवाळीला 60 किलो चकली-शेव. आजवर पामोलिनचाच, म्हणजे पाम तेलाचाच डबा. लेकीनं शाळेत ओरांगउटानवर प्रकल्प केला (पामच्या लागवडीसाठी या माकडांची जंगलं तोडतात म्हणे), तेव्हापासून माझ्या चकलीला हात लावत नाही. लिटरला 150 च्या वर परवडत नाही. काय वापरू?

खमंग_काकू: लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल. 320 रुपये लिटर, पण वास बघा!

चकलीवाली: काकू, 150 लिहिलंय.

बापू_लातूर: करडई. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीच.

मीनल_ठाणे: करडईत तळायला घेतलं नि कढईबाहेर फेस. ओटा घासण्यात दुपार गेली.

सिंगापूरकर: 2015 ला मी इथेच, सिंगापुरात होतो. शेजारच्या इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर पामच्या लागवडीसाठी दलदलीची काळी, कुजलेल्या पाल्याची जमीन चर खणून वाळवतात आणि पेटवतात. आग जमिनीखाली धुमसते, वरून पाणी मारून विझत नाही. सप्टेंबरात इथल्या शाळा बंद ठेवल्या, वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास. त्या वर्षी इंडोनेशियात 26 लाख हेक्टर जळलं. आमच्या घरात पाम बंद.

हिशेबी: सगळं पामवर ढकलू नका, कागदाच्या लगद्यासाठीची लागवडही त्यात होती. शिवाय पाम हेक्टरी तीन-साडेतीन टन तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. सगळे तिकडे वळले तर जमीन कुठली आणायची? आरएसपीओ प्रमाणित, म्हणजे जंगल न तोडता पिकवल्याचा शिक्का असलेलं पाम तेल घ्या.

चकलीवाली: ते 15 किलोच्या डब्यात मिळतं?

हिशेबी: मी शिक्का साबणावर पाहिलाय.

बापू_लातूर: सरकारनंच 2021 ला पामसाठी 11,040 कोटींची योजना काढली, ईशान्य नि अंदमानवर भर. करडईला विचारतो कोण!

मीनल_ठाणे: बापू, फेसाचं बोला. ताई, राइस ब्रान, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं तेल बघा. फक्त ‘मिश्र खाद्यतेल’ असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. मी स्वस्तात आणलं, घरी येऊन पाहते तर निम्म्याहून जास्त पामोलिन.

खमंग_काकू: म्हणूनच म्हणते, घाण्याचं.

चकलीवाली: सगळ्यांचे आभार. राइस ब्रानची चकली छान झाली, पण ऑर्डरींचे दर आधीच ठरलेत. यंदा पामोलिनच, पाकिटावर तसं लिहीन. लेकीपुरता एक घाणा शेंगदाणा तेलात काढला. तो तिनं खाल्ला. नंतर बघते तर पामोलिनच्या डब्यावर ओरांगउटानचं चित्र चिकटवलेलं.

खमंग_काकू: शेंगदाणा लाकडी घाण्याचंच ना?