फ्लॅशसाठी पेन्सिल सेल: दर लग्नाला नवे घ्यायचे की चार्जेबल?

चोपडा_फोटो

राम राम मंडळी. गोडॉक्सचे दोन टीटी ६८५ फ्लॅश आहेत आणि दोन सेलवर चालणारा ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅश उडवणारा). म्हणजे एका वेळी १० पेन्सिल सेल. आतापर्यंत अल्कलाइनवरच चाललंय. हळद, लग्न आणि वरात धरली तर सेल दोनदा बदलावे लागतात, आणि अर्धा कार्यक्रम झाला की फ्लॅश तयार व्हायला सात-आठ सेकंद घेतो. अक्षता पडायच्या वेळी मागचा दिवा लागायची वाट बघत उभं राहायचं, हे काही बरोबर नाही.

आखाजीच्या आधी चार्जेबल घ्यायचा विचार आहे. पण त्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि अल्कलाइनवर १.५. मग उजेड कमी पडेल का? किती एमएएचचे (म्हणजे किती क्षमतेचे) घ्यावेत, किती सेट लागतील, चार्जर कोणता? आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते टिकतात का?

तापीकाठ

उजेड तसूभरही कमी होत नाही. फ्लॅशची नळी सेलवर पेटत नाही, कपॅसिटरवर पेटते. सेलची वीज आतलं सर्किट साधारण ३३० व्होल्टपर्यंत चढवतं आणि कपॅसिटरमध्ये भरतं. तो भरला की दिवा लागतो. त्यामुळे सेल कोणताही असो, फुल पॉवरचा झोत सारखाच. फरक पडतो तो भरायला लागणाऱ्या वेळात.

हा वेळ ठरतो सेलच्या आतल्या रोधावर. नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा रोध १५० ते ३०० मिलिओहम असतो, आणि सेल उतरेल तसा तो वाढत जातो. चांगल्या निकेल मेटल हायड्राइड, म्हणजे चार्जेबल सेलचा २५ च्या आसपास. आता हिशेब करा. फ्लॅश भरताना ४ अँपिअर ओढतोय असं धरू. चार अल्कलाइनचा मिळून रोध कमीत कमी ०.६ ओहम, म्हणजे २.४ व्होल्ट सेलच्या आतच जळाले. सहातले हातात राहिले ३.६. चार चार्जेबलचा मिळून ०.१ ओहम, गळती ०.४ व्होल्टची. ४.८ मधले ४.४ शिल्लक. कागदावर १.५ जिंकतो, पण भाराखाली १.२ वालाच पुढे असतो. जळालेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून तर अल्कलाइन काढताना हाताला चटका बसतो.

दुसरं असं की अल्कलाइनची क्षमता भिंतीवरच्या घड्याळासाठी उत्तम, फ्लॅशसाठी नाही. १ अँपिअरने ओढलं तर त्याच्या मूळ क्षमतेच्या निम्मीही मिळत नाही. गोडॉक्सने टीटी ६८५ चे आकडे दिलेत तेही २५०० एमएएचच्या चार्जेबलवरचेच: फुल पॉवरचे साधारण २३० झोत, भरायला जास्तीत जास्त २.६ सेकंद.

मंडप_लाइट

वरच्याशी सहमत. आता खरेदीचं.

दुकानात मागताना ‘लो सेल्फ डिस्चार्ज’, म्हणजे नुसते ठेवून फारसे न उतरणारे, असं स्पष्ट मागा. जुन्या पद्धतीचे निकेल मेटल हायड्राइड सेल नुसते ठेवले तरी महिनाभरात बरेच उतरतात. सान्योने २००५ मध्ये एनेलूप काढले तेव्हापासून हे दुखणं गेलं. आता ते पॅनासॉनिकच्या नावाने येतात. त्यात दोन प्रकार. साधा २००० एमएएच (किमान १९००), साधारण २१०० वेळा चार्ज होतो, असा कंपनीचा दावा. प्रो २५०० च्या घरातला, पण दावा फक्त ५०० वेळांचा. बहुतेक जण मोठा आकडा बघून प्रो उचलतात. माझं मत साध्याच्या बाजूने. पाव जास्त क्षमतेसाठी पाऊण आयुष्य द्यायचं, आणि वर काही प्रो सेल अंगाने किंचित जाड असल्याने फ्लॅशच्या खणात अडकतात ते वेगळंच.

सेट: प्रत्येक फ्लॅशला दोन, म्हणजे १६. ट्रिगरला दोन जोड्या, ४. झाले २०. त्यावर चाराचा एक राखीव धरला की २४. एकदम जड वाटत असेल तर आधी १६ घ्या आणि ट्रिगरला सध्या अल्कलाइन चालू द्या, तो वीज फार कमी खातो. सेल चारच्या पाकिटातून घ्या आणि पाकीट फोडल्या फोडल्या मार्करने अ१, अ२, अ३, अ४ असे नंबर टाका. हे चौघे एकत्र चार्ज होतील, एकत्र लागतील, एकत्र म्हातारे होतील. अ-चा एक आणि क-चे तीन असं कधीच नाही.

का, तेही सांगतो. चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक अशक्त असला की तो आधी शून्यावर येतो. उरलेल्या तिघांचे ३.६ व्होल्ट फ्लॅशला अजून पुरतात, म्हणून तो ओढतच राहतो, आणि तिघांचा प्रवाह त्या रिकाम्या सेलमधून उलटा दाब देऊन जातो. सेलचे ध्रुव पालटतात. असं दोन-तीनदा झालं की तो सेल गेलाच. नंतर दोष मात्र ‘चार्जेबल टिकत नाहीत’ असा दिला जातो.

पैशाचा हिशेब सरळ आहे. एका चार्जेबलच्या भावात समजा आठ अल्कलाइन येतात. तुमचे दर लग्नाला २० जातात, तर २० सेल घेतले की आठ आणि २४ घेतले की नऊ-दहा लग्नांत फिटंफाट. आपल्याकडची लग्नसराई बघता हे एका हंगामाचं काम.

भो_जळगाव

सगळं खरं भो, पण अल्कलाइनला एकदम वाळीत टाकू नका. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात रात्री वरात चालू आहे, लाइट गेलेली आहे, चार्जर कुठे लावणार? किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळतो. चांगल्या कंपनीचं सीलबंद पाकीट दहा वर्षंही टिकतं. एक पाकीट बॅगेच्या तळाशी असूच द्या.

फक्त दुकानदाराने घड्याळाचा स्वस्त सेल हातात दिला तर तो फ्लॅशमध्ये घालू नका. तो झिंक-कार्बनचा असतो. पाच-सात झोतांत मान टाकतो आणि गळायलाही तोच पहिला.

तापीकाठ

राखीव म्हणून ठीक. पण सीलबंदच असू द्या आणि काम झाल्या झाल्या फ्लॅशमधून काढा. अल्कलाइन गळला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, पांढरी भुकटी दिसते ती त्याच्यापासून. ते स्प्रिंगवरचा मुलामा खातं आणि तारेच्या कडेकडेने आत सरकतं. भुकटी दिसली तर पाण्याने धुवायचं नाही. कानकोरणीच्या कापसाला पांढरा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा. फसफसतं, घाबरू नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग काळी पडली असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने घासा. डोळे सांभाळा, हात धुवा.

गळालेला किंवा उतरलेला सेल चुलीत टाकू नका, फुटतो.

चोपडा_फोटो

बराच उलगडा झाला, धन्यवाद. आणखी तीन शंका. घरात जुना चार्जर पडलाय, दोन दिवेवाला, त्यात सेल जोडीनेच लावावे लागतात. तो चालेल का? बाजारात ४७०० एमएएच लिहिलेले सेल अर्ध्या किमतीत दिसतात, ते कसे? आणि थेट मोबाइलच्या वायरने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल?

मंडप_लाइट

४७०० वाले सोडून द्या. पेन्सिल सेलच्या आकारात निकेल मेटल हायड्राइडची मजल २५०० ते २७०० पर्यंतच. त्यावरचा आकडा छापखान्यात तयार झालेला असतो. शंका असेल तर वजन करा. आपला जळगाव भाग सोन्याचा, काटा शोधायला लांब जायला नको. चांगला २००० चा सेल २६-२७ ग्रॅम भरतो. १८-२० भरला तर आत पोकळी विकत घेतलीत.

वायरवाल्या लिथियम सेलमध्ये मूळ सेल ३.७ व्होल्टचा आणि सोबत १.५ वर उतरवणारं सर्किट असतं. रिमोटला छान. फ्लॅशला दोन अडचणी: फ्लॅश एकदम जोरात ओढतो तेव्हा कित्येकांचं सर्किट प्रवाह तोडतं, आणि शेवटपर्यंत १.५ दाखवत असल्याने फ्लॅश हळूहळू मंदावत नाही, इशारा न देता एकदम बंद पडतो. सप्तपदीच्या चौथ्या पावलाला हे नको.

यातच एक खरा धोका आहे. ‘१४५००’ नावाचा साधा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण ३.७ व्होल्टचा. असे चार घातले तर १४.८ व्होल्ट. फ्लॅश जागेवर संपला.

तापीकाठ

जोडीने लावायचा चार्जर चालणार नाही. तो दोघांना मिळून एकच वीज देतो आणि बरेचसे फक्त वेळ मोजतात. एक सेल अर्धा भरलेला आणि एक रिकामा असेल तर पहिला जास्त भरून तापतो, दुसरा उपाशी राहतो. प्रत्येक खणाला स्वतंत्र दिवा किंवा आकडा असलेला घ्या. पूर्ण भरल्यावर सेलचं व्होल्टेज किंचित खाली येतं, ते ओळखून तो त्या खणाचा प्रवाह थांबवतो. २००० च्या सेलला १ अँपिअर योग्य, दोन-सव्वादोन तासांत होतं. १५ मिनिटांत भरणारे चार्जर सेल भाजून काढतात.

उन्हाळ्याचा मुद्दा आपल्याकडे खराच आहे. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या वर जातो, आणि हे सेल चार्ज करायची मर्यादा बहुतेक कंपन्या ४० देतात. त्यावर सेल वीज नीट घेत नाही, आणि भरल्यावरची ती व्होल्टेजची घटही इतकी पुसट होते की चार्जरला कळत नाही. तो भरतच राहतो. म्हणून मे महिन्यात चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे, फरशीवर, पंख्याखाली. कूलरच्या झोतात चार्जर ठेवू नका. हवा थंड असली तरी ओली असते, टोकं गंजतात. फ्लॅशमधून काढलेले गरम सेल अर्धा तास निवल्याशिवाय चार्जरला लावायचे नाहीत. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर कोणतेच सेल नाहीत.

फ्लॅशलाही ताप सोसत नाही. फुल पॉवरने लागोपाठ ३० झोत झाले की किमान १० मिनिटं विश्रांती द्या, असं टीटी ६८५ च्या पुस्तिकेतच आहे. चार्जेबल लावले की फ्लॅश पटकन तयार होतो, म्हणून बोट थांबत नाही आणि ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

भो_जळगाव

एक बोलायचं राहिलं. दोन सेट लागतात यातला निम्मा दोष सेलचा नसेलही. मोकळ्या मैदानातल्या मांडवात वर रंगीत कापड असतं. त्यावर फ्लॅश उडवला तर निम्मा उजेड कापड पितं आणि नवरीच्या तोंडावर गुलाबी छटा येते. मग माणूस फुल पॉवर लावतो. कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४०० वरून १६०० करा, तोच फोटो पाव पॉवरवर निघेल. २३० झोतांच्या सेटमधून कागदावर ९०० निघतात. प्रत्यक्षात थोडे कमी धरा, तरी एक सेट पुष्कळ.

चोपडा_फोटो

आयएसओ ४०० वरच लावून ठेवतो, हे खरं. तर साधे १६ आणि स्वतंत्र खणांचा चार्जर ठरला. जुने झालेले सेल ओळखायचे कसे?

मंडप_लाइट

चार्जर घेताना त्यात डिस्चार्ज करून क्षमता दाखवायची सोय आहे का बघा. वर्षातून दोनदा, हंगामाआधी आणि नंतर, प्रत्येक सेल मोजा आणि नंबरासमोर आकडा लिहून ठेवा. २००० चा सेल १६०० च्या खाली आला, किंवा आपल्या सेटमधल्या इतर तिघांपेक्षा दहा टक्क्यांनी मागे पडला, की तो फ्लॅशमधून निवृत्त. भिंतीवरच्या घड्याळात अजून दोन-तीन वर्षं काढेल. मात्र उरलेल्या तिघांत नवा चौथा घालू नका. दुसऱ्या फुटलेल्या सेटमधला त्याच आकड्याचा मिळाला तरच जोडा.

भरलेले सेल डबीत टोक वर, रिकामे टोक खाली. अंधारात हाताला लगेच कळतं.