मदत हवी आहे: माउसचं चाक एकदा फिरवलं की मधलं सगळं गायब

वहीवाला
नमस्कार मंडळी. चाक जरासं फिरवलं, एकच 'टक्' झालं, की समोरचं सगळं वर निघून जातं. मधलं दिसतच नाही. मागे आणावं तर आधीचं दिसतं, मधलं पुन्हा गायब. डोळे दुखायला लागलेत. काल म्हापशाहून नवा माउस आणला, तरी तेच. शनिवारी यादी मामलेदार कचेरीत द्यायची आहे. वेग कुठून कमी करतात, लवकर सांगा.

फोंडेकरीण
विंडोज की मॅक? विंडोज असेल तर १० की ११? आणि कशात होतंय, ब्राउझरमध्ये, पीडीएफमध्ये?

दमट_हवा
हा एन्कोडरचा दोष. चाकाच्या बाजूला तो चिमुकला भाग असतो, चाक किती फिरलं ते तोच मोजतो. आपल्याकडे पावसाळ्यात त्याच्या आतल्या पत्र्यांवर थर चढतो आणि गणती चुकते. मी माउस उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडला, अजून चालतोय.

फोंडेकरीण
अहो, माउस नवा आहे म्हणतायत ना ते! एन्कोडर गेला की खाली जाताना पान मधेच वर उडतं. इथे तसं नाही.

दमट_हवा
नवा म्हणजे दुकानात किती महिने पडून होता कोणाला ठाऊक?

पेडण्याचा_पेंग्विन
लिनक्स मिंट टाका. विंडोजमध्ये असली दुखणी कायमचीच. माझ्याकडे पाच वर्षांत एकदाही त्रास नाही.

फोंडेकरीण
शनिवारी यादी द्यायची आहे आणि तुम्ही माणसाला सिस्टीम बदलायला सांगता?

मांडवीकाठ
चाकाची दिशा उलटी करायची तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, त्या माउसखाली 'फ्लिपफ्लॉपव्हील'चं ० काढून १ करा, मग माउस काढून परत लावा. मॅकवर २०११ च्या 'लायन' आवृत्तीपासून दिशा उलटीच येते, तिथून आलेल्याला विंडोज विचित्र वाटतं.

वहीवाला
दिशा ठीक आहे हो. विंडोज १०.

फोंडेकरीण
सेटिंग्ज, डिव्हायसेस, माउस. एका वेळी किती ओळी सरकवायच्या, अशी पट्टी आहे. मुळात ३ असते. १ वर आणा.

वहीवाला
आणली, उडी कमी झाली. पण काही घरांची नावं अजून पूर्ण दिसत नाहीत, खालची कापली जातात. एक्सेल २०१६ आहे. देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे देवळाच्या हक्कदार घराण्यांतल्या माणसांची यादी, आजोबांच्या वहीवरून उतरवतोय. एका घरची सगळी नावं एकाच चौकटीत, ऑल्ट-एंटर मारून.

फोंडेकरीण
हे आधी सांगायचं होतं, दादा! एक्सेल २०१६ अख्खी रो सरकवतं, अर्धी नाही. तुमची एक रो वीतभर उंच, आणि एका टक्ला अशा तीन जात होत्या. रो पडद्यापेक्षा उंच झाली तर तिचं शेपूट चाकाने दिसणारच नाही. माउसचा काही दोष नाही.

आत्ता वाचायचंच असेल तर कंट्रोल दाबून चाक फिरवा, झूम ६० टक्क्यांवर न्या. खरा उपाय म्हणजे एका रोत एक माणूस. फाईलची प्रत काढा, नावांचा रकाना कोऱ्या शीटवर न्या म्हणजे शेजारचं काही पुसलं जाणार नाही. मग डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, डिलिमिटेड, 'अदर' वर टिक करून त्याच्या चौकटीत कंट्रोल-जे, म्हणजे ऑल्ट-एंटरने जिथे ओळ तोडलीत तिथे नावं वेगळी होतील. चौकट रिकामी दिसेल, दिसू दे. नावं आडवी पसरतील. एकेक घर कॉपी करून पेस्ट स्पेशलमधल्या ट्रान्सपोजने उभं करा, शेजारी घर क्रमांकाचा रकाना ठेवा.

पेडण्याचा_पेंग्विन
लिब्रेऑफिसमध्ये हेच फुकटात झालं असतं.

मांडवीकाठ
विषयांतर आहे, तरी सांगतो. त्या वहीच्या पानापानाचे फोटो आजच काढा. आमच्या घरची अशीच वही एका पावसाळ्यात ओल धरून बसली, शाई पसरली, तीन पानं गेली. आता ती नावं सांगणारं कोणी उरलेलं नाही.

वहीवाला
काढले, सगळ्या पानांचे. आणि ताई, कंट्रोल-जे चाललं! रात्री साडेबारापर्यंत बसून सगळी घरं उभी केली. वहीशी ताडताना एका घरची दोन नावं राहिलेली सापडली, त्या उंच रोच्या तळाशी यायला हवी होती ती. फक्त आता ब्राउझर फार हळू सरकतोय.

फोंडेकरीण
पट्टी परत ३ वर न्या.