म्यानमार भूकंप: नाशिकहून सोसायटीची वर्गणी कशी पाठवायची?

पाथर्डी_फाटा:
२८ मार्च २०२५ च्या भूकंपानंतर मंडाले-सगाइंग भागासाठी आमच्या सोसायटीने वर्गणी काढली. सोसायटीच्या खात्यात सुमारे ६०,००० रुपये जमलेत, खाली पार्किंगमध्ये जुन्या कपड्यांची पोती आहेत. मंडालेतल्या एखाद्या स्थानिक गटाच्या खात्यात थेट पैसे पाठवता येतील का? ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) मिळेल का? व्हॉट्सॲपवर एक यूपीआय आयडी फिरतोय, तो चालेल का?

खातेवही:
सोसायटीच्या खात्यातून पाठवायच्या फंदात पडू नका. देणगी बाहेर पाठवायची रिझर्व्ह बँकेची एलआरएस सवलत फक्त निवासी व्यक्तीला आहे; सोसायटी, मंडळ, ट्रस्ट, फर्म यांना ती लागू नाही. एका सभासदाने सगळ्यांचे पैसे आपल्या नावावर पाठवले तर पूर्ण रक्कम त्याच्या पॅनवर चढते आणि उद्या खुलासाही त्यालाच द्यावा लागतो. ज्याचे त्याला परत करा, ज्याने त्याने स्वतः द्यावेत.

मंडालेच्या खात्यात थेट पाठवणंही टाळा. ऑक्टोबर २०२२ पासून म्यानमार एफएटीएफच्या (काळ्या पैशाच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) काळ्या यादीत आहे. बँक कागद मागते, मधली बँक पैसे अडकवून ठेवते. शिवाय स्विफ्टचे (परदेशी बँक व्यवहारांची यंत्रणा) शुल्क आणि मधल्या बँकेची कपात धरली तर दोन-चार हजारांच्या देणगीला हा मार्ग परवडत नाही. मोठी रक्कम एखाद्या नामांकित परदेशी संस्थेला बँकेतून पाठवायची असेल तर फॉर्म ए२ (परदेशी पैसे पाठवायचा बँकेतला अर्ज) भरा, परपज कोड (पैसे कशासाठी, त्याचा क्रमांक) एस१३०३, आणि शुल्काला ‘ओयूआर’ (सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे) निवडा, म्हणजे समोर पूर्ण रक्कम पोचेल. वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) नाही.

छोट्या रकमेला कार्ड बरं. रेडक्रॉस-रेडक्रेसेंटच्या जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वेबसाइटवर म्यानमारचं आवाहन शोधा. त्यांचं काम तिथल्या रेडक्रॉसमार्फत चालतं. आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा आणि देणगी झाली की बंद करा. ‘दरमहा’वर आधीच टिक असते का, ते नक्की बघा. रुपयांत भरायचा पर्याय आला तरी संस्थेचंच चलन निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. बँकेचा मार्कअप (परकी चलनाच्या व्यवहारावरचं जादा शुल्क) साधारण २ ते ३.५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी.

परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जी मिळत नाही. नवीन करप्रणाली घेतली असेल तर तिच्यात ही सवलतच नाही, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

पाथर्डी_फाटा:
मग भारतातल्याच ट्रस्टला दिले आणि त्यांनी तिकडे खर्च केले तर?

खातेवही:
ट्रस्टला भारताबाहेरच्या खर्चावर करसवलत हवी असेल तर सीबीडीटीची (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ) परवानगी लागते. बहुतेकांकडे ती नसते. ‘तुमच्याकडे आहे का?’ असं सरळ विचारा. गोलमोल उत्तर आलं तर तिथेच थांबा.

यूपीआयचं म्हणाल तर पिन टाकण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. तिथे संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर पैसे देऊ नका. धर्मादाय नोंदणी क्रमांक आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद जुळवून पाहा. कुणी फसलं असेल तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करायला सांगा. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

रविवार_कारंजा:
कपडे मात्र अजिबात पाठवू नका. विमानाने माल जातो तेव्हा वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्याचं भाडं लागतं. ६० × ४५ × ४५ सेंमीचा खोका, भागिले ६०००, म्हणजे सुमारे २० किलोचं भाडं, आत कपडे १२ किलोच असले तरी. तिकडे माल ताब्यात घेणारी संस्था, पॅकिंग लिस्ट, कस्टम्सचे कागद लागतात. त्यातलं काहीच नसेल तर खोका विमानतळावर पडून राहतो. एप्रिलमध्ये मंडालेत पारा चाळिशीच्या आसपास, त्यात स्वेटर कोण घालणार? आणि तिथे रोजचा पोशाख लुंगीसारख्या लाँग्यीचा, साडी-ब्लाउज काय कामाचे? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला टाकून दिलेले होते.

जमलेल्या पोत्यांतलं मळकं, फाटकं, एकेरी चपला आधी बाजूला काढा. उरलेलं धुऊन, इस्त्री करून, मुलांचे-मोठ्यांचे वेगळे गठ्ठे बांधा आणि बाहेर मापाची चिठ्ठी लावा. पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना आधी फोन करून काय हवंय ते विचारा. गाडी त्यानंतरच भरा.