मदत हवी आहे: जुन्या चित्राची सोनेरी फ्रेम पुसली आणि फडकं लाल झालं

कालव्याकाठी

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही हेगला राहतो. यंदा कोनिंग्सडागला (२७ एप्रिल, राजाचा वाढदिवस, लोक घरातली अडगळ फुटपाथवर मांडून विकतात) एका आजींकडून फुलांचं जुनं चित्र घेतलं. ३५ युरो. खरं सांगायचं तर चित्र नाही, फ्रेम बघून घेतलं. चार बोटं रुंद सोनेरी पट्टी, कोपऱ्यांत शिंपले, मधे पानांची वेलबुट्टी. एका कोपऱ्याचा टवका उडालाय. वजन एवढं की ट्राममध्ये नवरा ते मांडीवर घेऊन बसला आणि घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

चित्रात भाजक्या मातीच्या कुंडीत ट्यूलिप, गुलाब, पिओनी आणि निळी मॉर्निंग ग्लोरी. खाली संगमरवरी कट्ट्यावर अंड्यांसकट पक्ष्याचं घरटं, आणि एका पानावर गोगलगाय. सही कुठेच नाही. सगळ्यावर चहाच्या पाण्यासारखी पिवळट झाक आहे.

आता माझा पराक्रम. पाहुणे यायचे होते, म्हणून मायक्रोफायबरचं फडकं ओलं केलं, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातला आणि फ्रेमवरून दोन हात फिरवले. फडकं विटकरी! आधी वाटलं गंज. मग बघते तर आतल्या सपाट पट्टीवरचं बोटभर सोनं गायब, खाली लाल, आणि जिथे जोर लावला तिथे खडूसारखं पांढरं. गंमत म्हणजे पानांच्या नक्षीवरही तेच फडकं तेवढंच फिरवलं होतं, तिथलं सोनं जागच्या जागी.

ते लाल काय आहे? दुरुस्त होईल का? चित्राची पिवळट झाक काढायला बटाटा कापून चोळा, असं एका व्हिडिओत सांगत होते, ते करू का? आणि हे खरंच हाताने काढलेलं आहे की छापील? डिसेंबरात पुण्याला आईकडे न्यायचा विचार आहे. फोटो डकवलेत.

पेठकरी

ताई, पितळेची समई समजून घासलीत की काय! (हलकंच घ्या.)

छापील की नाही ते आधी बघा. आमच्या वाड्यात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. आजोबा शेवटपर्यंत सांगायचे की ती हातानं रंगवलेली आहे. भिंग लावलं तर सगळे ठिपकेच ठिपके. रविवर्म्याने १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. तसल्या ओलिओग्राफांचा युरोपात त्याआधीपासूनच सुळसुळाट होता. कागदावर कॅनव्हासची वीण दाबून उठवायचे, वर व्हार्निश मारायचे. लांबून भलेभले फसतात.

स्वस्तात_मस्त

एवढं काय त्यात? हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी स्प्रे मिळतो. मास्किंग टेप लावा, एक हात मारा. कोणाला कळतंय?

वर्खवाला

स्प्रे अजिबात नको! त्या डब्यात सोनं नसतं, पितळेची पूड असते. त्यातलं तांबं वर्ष-दोन वर्षांत तपकिरी पडतं आणि शेजारचं खरं सोनं तसंच चमकत राहतं. शिवाय तो रंग काढायचा म्हटलं की खालचं उरलंसुरलं सोनंही त्याच्याबरोबर निघतं. जुन्या फ्रेमा हातात येतात तेव्हा माझा निम्मा वेळ अशा 'दुरुस्त्या' उपसण्यात जातो.

कालव्याकाठी, तुमच्या फडक्यावरचा लाल रंग म्हणजे बोल, एक मऊ चिकणमाती. लाकडावर आधी खडू आणि सरस यांचे थरावर थर चढवतात (तुमचं पांढरं ते हेच), ते घासून काचेसारखे गुळगुळीत करतात, त्यावर सरसात कालवलेली लाल माती. मग ती पाण्याने ओली करून वर्ख टाकतात. वाळला की अकीक दगडाने घोटतात, तेव्हा आरशासारखी चकाकी येते. या सगळ्याला धरून ठेवतो तो फक्त सरस, आणि सरस पाण्यात विरघळतो. तुम्ही साबणाचा थेंब नसता घातला तरी हेच झालं असतं.

मग नक्षीवरचं का टिकलं? तिथे वर्ख तेलावर बसवलाय. उकळलेल्या तेलाचा चिकट हात देऊन त्यावर टाकलेला वर्ख घोटता येत नाही, जरा मंद दिसतो, पण पाण्याला दाद देत नाही. मुद्दाम असं करायचे: सपाट पट्टी लखलखीत, नक्षी मंद. म्हणजे फ्रेम करणाऱ्याने जिथे सर्वांत जास्त मेहनत घेतली, नेमकं तिथेच तुमचं फडकं पोचलं.

फोटो नीट पाहिला. नक्षीवर आडव्या बारीक चिरा आहेत, जवळपास सारख्या अंतरावर. ते कोरलेलं लाकूड नाही, साच्यातली लगदी आहे: खडू, सरस, राळ, जवसाचं तेल. गरम असताना साच्यात दाबायची, मऊ असतानाच फ्रेमवर चिकटवायची. सुकताना ती आकसते आणि अशी तडकते. कोरीव लाकूड तंतूच्या दिशेने चिरतं, असं मोजून मापून नाही. टवका उडालाय तिथे आत करडं-तपकिरी, दगडासारखं कठीण दिसेल. त्यामुळे फ्रेम माझ्या मते एकोणिसाव्या शतकातली. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये असल्या फुलांच्या चित्रांना बहुधा काळ्या फ्रेमा असायच्या, एबनी या काळ्या लाकडाच्या किंवा तसा रंग दिलेल्या. सोन्याची हौस फ्रेंचांची, पुढे जुन्या चित्रांच्याही फ्रेमा बदलून टाकल्या गेल्या. तुमच्या गावातच मॉरित्सहाउस हे चित्रसंग्रहालय आहे, पुढच्या वेळी तिथे फुलं सोडून कडा बघत फिरा.

आता काय करायचं: काहीही नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ, तीही जिथे काही हलत नाही तिथेच. पडलेले तुकडे काड्यापेटीत ठेवा, ते परत बसवता येतात. आणि फोटोत चित्राच्या खाली जो पांढरा रेडिएटर दिसतोय, त्याच्यावरून ते आज रात्री उतरवा. हीटिंग सुरू झालं की लाकूड आकसतं, खडूचा थर आकसत नाही, आणि मग फडक्याचीही गरज उरत नाही.

बटाट्याचं नावही काढू नका.

गोगलगाय_माझी_आवडती

वर्खवाला, सुंदर प्रतिसाद. मी चित्राबद्दल थोडं लिहिते.

मातीची कुंडी, संगमरवरी कट्टा, घरटं हे सगळं यान फान हाउसुम या डच फुलचित्रकाराच्या (१६८२–१७४९) वळणाचं. लगेच उडी मारू नका, त्याच्या नकला पुढे शंभर-दीडशे वर्षं होत होत्या. पण ट्यूलिप आणि मॉर्निंग ग्लोरी एका कुंडीत कशी, हा प्रश्न तुम्हाला पडला का? तिकडे ट्यूलिप एप्रिल-मेमधे संपतो, मॉर्निंग ग्लोरी भर उन्हाळ्यात फुलते. असा गुच्छ प्रत्यक्षात कधीच नसायचा, प्रत्येक फूल आपापल्या हंगामात टिपलेलं असायचं. फान हाउसुमने १७४२ च्या एका पत्रात चित्र रखडल्याची सबब अशी दिलीय की पिवळा गुलाबच मिळाला नाही. आमच्या शिंप्याच्या सबबींपेक्षा बरी.

तुमच्या फोटोत पानं निळसर दिसताहेत. हिरव्यासाठी निळ्यावर वनस्पतीपासून केलेला पिवळा रंग चढवायचे, तो उजेडाने उडतो आणि पानं निळी पडतात. फान हाउसुमच्या अस्सल चित्रांतही हे दिसतं. मला मजा वाटते ती अशी की नक्कल करणाऱ्यासमोर मूळ चित्र आधीच निळं पडलेलं असेल, तर त्याने निळं पान इमानदारीत निळंच उतरवलं असेल.

पिवळट झाक म्हणजे बहुतेक जुनं व्हार्निश. ते काढणं हे चित्रसंवर्धकाचं काम, घरी नाही. पण मागची बाजू दाखवा ना. आतल्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत, कापड ताणून धरणाऱ्या लाकडी पाचरी आहेत का? कापडावर कुणा रंगविक्रेत्याचा शिक्का? आणि आरकेडी ही कलेच्या इतिहासाची संस्था हेगमध्येच आहे, तिचा चित्रसंग्रह इंटरनेटवर फुकट चाळता येतो. तुमची कुंडी तिथे कुठेतरी सापडेल.

पेठकरी

पुण्याचं काय? आमच्याकडे जुलैत भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा पोक काढतं.

वर्खवाला

न्यायचं तर चित्र आणि फ्रेम वेगळी करूनच. बबल रॅप थेट रंगावर नको, व्हार्निशवर फुग्यांचे गोल उमटतात. पुण्यात बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात तिला ओल येते. मागे चारी कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे लावा, हवा खेळती राहील. मी असतो तर हेगमध्येच ठेवलं असतं. आईला फोटो पाठवा.

कालव्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. रेडिएटरवरून उतरवलं, सध्या पलंगामागे उभं आहे आणि नवरा म्हणतो तिथेच छान दिसतं.

भिंग आणून बघितलं. ठिपके नाहीत! गोगलगायीच्या शंखावर पांढऱ्या रंगाचा एकच जाडसर ठिपका आहे, बोटाला लागेल असा (लावलं नाही, शपथ). मागे चारी कोपऱ्यांत मिळून सात पाचरी आहेत, आठवी हरवलीय. शिक्का नाही, पण खडूने लिहिलेला ४१ आकडा आहे, तो कसला कोणी सांगू शकेल का? कापड आणि खालचं लाकूड यांच्यामध्ये बराच कचरा साठलाय, कदाचित आठवी पाचर तिथेच असेल. चिमट्याने काढू का तेही नको?

फडकं धुतलेलं नाही. कडेला वर्खाचा नखाएवढा तुकडा चिकटलाय, तसंच घडी करून काड्यापेटीशेजारी ठेवलंय.

वर्खवाला

चिमटा नको. पाचर तिथे असेल तर कॅनव्हासला आतून टेंगूळ आलं असेल, समोरून तिरपा टॉर्च मारून खालची कड बघा आणि फोटो टाका. ४१ हा लिलावातला लॉट नंबर असू शकतो.